सहा तलवारींची होडी

एक होडी. मागे उभा राहून बांबूने ती रेटणारा नावाडी, पुढ्यात डोक्यावरून वस्त्र घेऊन वाकून बसलेली बाई, तिला बिलगलेलं मूल. तिघंही पाठमोरी. होडीच्या पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. एका बाजूचं पाणी लाटांचं, दुसऱ्या बाजूचं संथ.

टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी हा एक, ‘सिक्स ऑफ स्वोर्ड्‌स’. पनवेल तालुक्यातल्या आपट्याला, पाताळगंगेच्या काठावर बसून तो हातात घेतला तर काय दिसेल? सासरी निघालेल्या मुलीला तो माहेर सुटण्याचा क्षण वाटेल. रसायनीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाची नजर नावाड्याच्या खांद्यांवर जाईल. चित्र तेच असतं. अर्थ ज्याच्या त्याच्या अनुभवातून येतो.

आपटेकरांना हे वेगळं सांगायला नको. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला शेवटचा, धावत्या गाडीचा प्रसंग आपटा स्थानकावर चित्रित झाला. जगभरच्या प्रेक्षकांनी तिथे पंजाब पाहिला. गावच्या माणसाला मात्र तिथे आपला रोजचा फलाट दिसतो.

टॅरोचा जन्म भविष्य सांगण्यासाठी झालेला नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा पत्त्यांचा खेळ होता, आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफासारखा. गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. टॅरोला भविष्याची जोड मिळाली ती अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. आज सर्वाधिक चालणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो काढला. त्याआधीच्या बहुतेक संचांत आकड्यांच्या पत्त्यांवर नुसत्या तलवारी, नाणी, पेले असत. पामेलाने तिथे माणसं आणली, त्यांचे प्रसंग आणले. चिंतनासाठी हे पत्ते उपयोगी पडतात ते या माणसांमुळेच.

पत्त्याला पुढचं कळत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. ‘अगदी माझंच सांगितलं’ असं का वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ सालीच दाखवलं. ३९ विद्यार्थ्यांना त्यांनी ‘तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. तो किती जुळतो, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणून लग्न, आजार, पैसा यांचा निर्णय पत्त्यांवर सोडू नये आणि भीती घालून पैसे मागणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

मग उरतं काय? कोकणातल्या देवळांतला कौल आठवावा. देवाला पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे आणि उजवा कौल मिळतो की डावा, ते पाहायचं. पण त्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं. मनात वर्षभर घोळणारी गोष्ट चारचौघांत, स्पष्ट शब्दांत मांडावी लागते. अर्धं ओझं तिथेच उतरतं. चिंतनासाठी टॅरो वापरणं म्हणजे कौल न मागता गाऱ्हाणं घालणं.

त्याला ज्योतिषी लागत नाही. सकाळी एक पत्ता काढावा आणि अर्थाचं पुस्तक बाजूला ठेवावं. आधी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहावं: होडी, बाई, मूल, तलवारी. मग नजर कुठे अडकली ते. मग तसा प्रसंग आपल्यावर कधी आला होता, तेव्हा आपण काय केलं, आज काय वेगळं करू, ते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. लिहिताना त्यांना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. टॅरोचा पत्ता करतो ते एवढंच: कोऱ्या पानासमोर अडलेल्या माणसाला पहिलं वाक्य देतो.

वहीत तारीख मात्र घालावी. सहा महिन्यांनी तोच पत्ता पुन्हा निघाला, की जुनं पान उघडावं. पहिल्या वेळी फक्त वाकलेली बाई दिसलेली असते. या वेळी कदाचित कुणी तलवारींकडे पाहील आणि लिहील: त्या होडीच्या तळात रुतल्या आहेत, नदीच्या मधोमध उपटल्या तर पाणी आत येईल, आधी काठ गाठू दे.