कोरियन चिकन बोल: चव बाटलीत नसते

अमेरिकेत राहत असाल तर हा प्रसंग ओळखीचा असेल. कॉलेज किंवा ऑफिसच्या जवळ कुठेतरी कोरियन बोल मिळतो. तळाला भात, त्यावर कडा काळपट झालेले चिकनचे तुकडे, बाजूला काकडी आणि किमची, वर तीळ. आवडतो, पण रोज विकत घेणं परवडत नाही. मग आपण 'कोरियन बीबीक्यू सॉस' असं लिहिलेली बाटली आणतो, चिकन त्यात बुडवतो आणि पॅनमध्ये टाकतो. दहा मिनिटांनी पॅनमध्ये काय असतं? गोडसर पातळ रस्सा आणि त्यात पांढरट शिजलेलं चिकन. वाईट नसतं, पण 'ते' नसतं.

आपण पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची बाटली आणतो. पण चूक बहुतेक वेळा बाटलीची नसतेच. बार्बेक्यू म्हणजे सॉस, ही आपली समजूत चुकलेली असते.

नावातच उत्तर आहे

कोरियन भाषेत 'बुल' म्हणजे आग आणि 'गोगी' म्हणजे मांस. दोन्ही मिळून बुलगोगी. 'डाक' म्हणजे कोंबडी, म्हणून चिकनचं ते डाक बुलगोगी. या नावात सॉसचा पत्ताच नाही, आग आहे.

मांस भाजताना जो खरपूस वास आणि तपकिरी रंग येतो, तो मुख्यतः प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेमुळे येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ती साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे जोरात चालते. आणि पाणी 100 अंशांना उकळतं. पॅनमध्ये जोवर पाणी आहे, तोवर चिकनचा पृष्ठभाग शंभराच्या फार पुढे जातच नाही. थोडक्यात, तुम्ही चिकन भाजत नव्हता, उकडत होता.

म्हणून पहिला नियम: सॉस निथळून, चिकन जवळजवळ कोरडं करून आचेवर ठेवा. तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवू नका, नाहीतर वाफ अडकते.

सॉसमध्ये काय घालायचं आणि का

चार जणांसाठी दीड पाउंड, म्हणजे साधारण 700 ग्रॅम, बोनलेस थाय घ्या. छातीचं मांस जास्त आचेवर लवकर कोरडं पडतं, मांडीचं सांभाळून घेतं. सॉससाठी चार टेबलस्पून सोया सॉस, दोन टेबलस्पून गोचुजांग, दीड टेबलस्पून ब्राउन शुगर, चार लसूण पाकळ्या, पेरभर आलं, एक टेबलस्पून भाजक्या तिळाचं तेल आणि अर्धं किसलेलं एशियन पेअर.

गोचुजांग म्हणजे तिखट, आंबवलेलं सोयाबीन, चिकट तांदूळ आणि मीठ यांची मुरलेली लाल पेस्ट. कोरियन तिखटाऐवजी आपली ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची चालून जाते, कारण तिचाही रंग जास्त आणि तिखटपणा बेताचा. पण गोचुजांगमधली आंबवणीची चव मिरचीतून येणार नाही. तेवढा एक डबा आणाच, फ्रिजमध्ये कित्येक महिने टिकतो.

पेअर कशाला? त्यातून गोडवा येतो आणि प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, थोड्या प्रमाणात मिळतात. ही युक्ती आपल्याला नवी नाही. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात, त्यातलं पपेन हेच काम करतं. पेअरऐवजी किवी किंवा ताजं अननस वापरता येतं, पण जपून. त्यांची विकरं जोरदार असतात. चिकनला त्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलं तर ते पिठूळ होतं. पेअर लावलेलं चिकन मात्र एक तासापासून रात्रभरापर्यंत फ्रिजमध्ये मुरू द्या.

चिकन घालण्याआधी पाव वाटी सॉस वेगळा काढून ठेवा. कच्च्या चिकनला लागलेला सॉस नंतर वरून ओतायचा नाही. सगळ्या सूचनांमधली ही एक अजिबात विसरू नका.

धुवायचं की नाही?

इथे बऱ्याच घरांत वाद होतो. आपल्याकडे चिकन आणलं की आधी हळद-मीठ लावून दोन-तीन पाण्यांनी धुतात. बाजारात डोळ्यांदेखत कापलेल्या, पिसं-रक्त लागलेल्या कोंबडीसाठी ते बरोबरच होतं. अमेरिकेतल्या पॅकबंद चिकनबद्दल इथलं कृषी खातं मात्र सांगतं की धुऊ नका.

कारण असं. या खात्याने नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी कच्चं चिकन धुतलं, त्यांच्यापैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले, आणि 26 टक्के लोकांच्या बाबतीत ते शेजारी तयार होत असलेल्या सॅलडच्या पानांपर्यंत पोचले. साल्मोनेलासारखे जिवाणू पाण्याने मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर उडतात. ते मरतात उष्णतेने. चिकनच्या आत 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सियस झालं की काम झालं. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर हे अंदाजाशिवाय सांगतो.

आईला फोनवर 'तुझं चुकतं' असं सांगायची गरज नाही. कोंबडी बदलली, म्हणून पद्धत बदलली, एवढंच. आणि मनाला पटतच नसेल तर पेपर टॉवेलने टिपून घ्या. त्याने पृष्ठभाग कोरडाही होतो, आपल्याला तेच हवं आहे.

अपार्टमेंटमधली आग

बाल्कनीत कोळशाची शेगडी ठेवायला बहुतेक अपार्टमेंटमध्ये मनाई असते. पण इथल्या बऱ्याचशा ओव्हनमध्ये ब्रॉयलर असतो, म्हणजे वरून येणारी थेट आच. तीच आपली शेगडी, फक्त उलटी.

ट्रेला फॉइल लावा, वर जाळी ठेवा, जाळीवर चिकन. बेकिंगचा कागद इथे वापरू नका, तो पेट घेतो. ट्रे आचेपासून साधारण सहा इंच खाली ठेवा. एका बाजूने सहा-सात मिनिटं, उलटून पाच-सहा मिनिटं. वेगळा काढलेला सॉस शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावा. आधी लावला तर त्यातली साखर करपते, चिकन आत कच्चं राहतं आणि स्मोक अलार्म वाजून सगळी मजली जमा होते. पंखा आणि खिडकी आधीच उघडा. ओव्हनसमोरून हलू नका, कारण खरपूस आणि कोळसा यांत मिनिटभराचंच अंतर असतं. काढल्यावर पाच मिनिटं थांबा, मग पट्ट्या कापा.

भात: मोकळा नको

पाहुण्यांसाठी भात म्हटलं की आपण बासमती काढतो. इथे तो चुकतो. दाणे सुटे पडतात, सॉस तळाला जातो आणि चॉपस्टिकने काही उचलत नाही. तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर दाणे एकमेकांना धरतात.

अमेरिकेत सहज मिळणारा तांदूळ म्हणजे कॅलरोज. कॅलिफोर्नियातल्या बिग्स इथल्या तांदूळ संशोधन केंद्राने तो 1948 मध्ये आणला. तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, वाटीला सव्वा वाटी पाणी घाला. भारतीय दुकानात इंद्रायणी मिळाला तर तोही उत्तम, मावळातला हा चिकट सुवासिक तांदूळ या बोलमध्ये अजिबात उपरा वाटत नाही.

उरलेला भात रात्रभर कुकरमध्ये बंद करून ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि कोमट भातात त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये.

बोलची डावी बाजू

आता भात झाला, चिकन झालं. तरीही चार घासांनंतर खावंसं वाटत नाही, असं होतं. का? आपलं ताट आठवा. उजवीकडे भाजी, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. डावी बाजू थोडीच असते, पण जेवण पुढे तीच ढकलते. कोरियन जेवणातले बानचान, म्हणजे छोट्या वाट्यांतले पदार्थ, हेच काम करतात. गोड-खारट-तिखट चिकनला आंबट आणि कुरकुरीत सोबत लागते.

काकडीच्या चकत्यांना मीठ, चिमूटभर साखर आणि व्हिनेगर लावा. पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून पिळा, त्यात लसूण आणि तिळाचं तेल. शेजारी किमची. वरून पातीचा कांदा, तीळ, हवं तर अंडं. एवढ्याने बोल पूर्ण होतो.

मग हे 'खरं' कोरियन का?

कोरियात भाजलेलं मांस एकट्याने बोलमध्ये खायची गोष्ट नाही. टेबलाच्या मध्यभागी शेगडी, भोवती माणसं, सॅलडच्या पानात मांस गुंडाळून खायचं, अशी ती पंगत. भातावर काहीतरी घालून खायचा प्रकार तिथेही आहे, त्याला डप्बाप म्हणतात. अमेरिकेत या दोन गोष्टी डब्यात एकत्र आल्या, कारण इथे दुपारचं जेवण बरेचदा एकट्याने, अर्ध्या तासात होतं.

1903 साली कोरियन मजुरांचं पहिलं जहाज होनोलुलूला लागलं, उसाच्या मळ्यांसाठी. 1965 च्या कायद्याने आशियातून येण्याची वाट मोकळी झाली, त्याच वाटेने मराठी डॉक्टर-इंजिनिअरही आले. एच मार्ट 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एका दुकानापासून सुरू झालं. 2008 मध्ये रॉय चोई यांच्या कोगी ट्रकने लॉस एंजेलिसमध्ये कोरियन बार्बेक्यू मेक्सिकन टाकोत भरला. प्रत्येक टप्प्यावर लोकांनी मिळेल त्या भांड्यात, मिळेल त्या तांदळावर आपली आग जपली.

तेव्हा इंद्रायणीवर वाढलेला तुमचा बोल 'नकली' नाही. फक्त पुढच्या वेळी चिकन थोडं जास्त घ्या, ट्रे टेबलाच्या मध्ये ठेवा आणि रूममेटला किंवा शेजाऱ्यांना बोलवा. या पदार्थातला जो भाग डब्यात मावला नव्हता, तो तसा परत येतो.