दुसरी सही कोणाची?

बँकेत नवा अधिकारी असताना मी एकदा स्वतःच्या दौऱ्याचे बिल घाईघाईत स्वतःच पास केले. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारले, "रक्कम बरोबर आहे हो, पण दुसरी सही कुठे आहे?"

केंद्रीय अर्थसंकल्प चाळताना तो प्रश्न हटकून आठवतो. लोकसभा व राज्यसभा यांच्या खर्चाच्या मागण्याही त्यात असतात आणि त्या मंजूर करते लोकसभाच. अध्यक्षांचे वेतन तर एकत्रित निधीवर 'भारित' असते. त्यावर चर्चा चालते, मतदान नाही. खासदारांचे वेतन घटनेच्या १०६व्या कलमान्वये संसदच कायद्याने ठरवते. बिलही तिचे, सहीही तिचीच!

२०१८ साली हे वेतन महिना एक लाख रुपये झाले आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढेल, असे ठरले. त्यानुसार २०२५ मध्ये १ लाख २४ हजारांची अधिसूचना निघाली, तीही १ एप्रिल २०२३ पासून लागू. आता दर वेळी हात वर करायला नको, हे बरेच. पण हा नियमही त्यांनीच केलेला.

मग दुसरी सही कोणाची? तुमची-माझी. मतदानाच्या दिवशी बोटाला लागते, ती तिचीच शाई. फक्त सही करण्यापूर्वी व्हाउचर वाचायचे असते, एवढेच आपण विसरतो.