त्या चार दिवसांच्या आधी

पाळीसाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. नांदेडला आमच्या घरी ‘बाजूला बसणं’ म्हणायचे, लातूरला मामीकडे ‘अडचण’, शाळेत आम्ही पोरी ‘कावळा शिवला’ म्हणून फिदीफिदी हसायचो आणि आता ऑफिसात ‘डेट’ आलेली असते. पण त्याआधीच्या आठवड्याचं काय? डोकं भणभणतं, कुर्ता पोटावर घट्ट होतो, छाती दुखते, डबा संपल्यावर लगेच काहीतरी गोड हवं असतं आणि कुणी नुसतं ‘चहा घेतेस का’ विचारलं तरी डोळे भरून येतात. या आठवड्याला आपल्याकडे नाव नाही. ‘एवढं का चिडायलीस?’ हा प्रश्न तेवढा मिळतो.

इंग्रजीत नाव आहे, पीएमएस. म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिन्ड्रोम. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी यावर लिहिलं, तेव्हा ते ‘टेन्शन’ होतं. १९५३ मध्ये ब्रिटनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याचं ‘सिन्ड्रोम’ केलं, कारण तक्रारी नुसत्या टेन्शनच्या नव्हत्या. नाव मिळालं की ‘माझा स्वभावच असा’ हे म्हणणं जरा मागे पडतं. फायदा आहे तो एवढाच, पण मोठा आहे.

माझी एक मैत्रीण लातूरला बँकेत आहे. वर्षभरात तिने तीनदा राजीनामा लिहिला. तिसरा फोनवर वाचून दाखवायला लागली तेव्हा मी तिला आधीच्या दोन्हींच्या तारखा बघायला सांगितल्या. तिन्ही वेळा पाळी चार-पाच दिवसांवर होती! मग तिने दोन महिने घरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच, रोज खुणा केल्या. झोप, चिडचिड, पोट फुगणं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. रडू आणि राजीनामा त्याच आठवड्यातले होते. साहेबांचा जाच मात्र महिनाभर होता! पीएमएस आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे ऑफिसातल्या ‘हिची डेट आली वाटतं’वाल्या विनोदवीरांनी लक्षात ठेवावं. तिने बदलीचा अर्ज केला, पण पाळीनंतरच्या आठवड्यात, शांत डोक्याने.

दोन महिन्यांची ही नोंद हीच खरी तपासणी. पीएमएस दाखवणारी रक्ताची टेस्ट नाही. हॉर्मोन्सची पातळी बहुतेकींची नॉर्मलच असते, त्यांच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो. पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं, प्रोजेस्टेरॉन वाढतं, मग उतरतं आणि या गडबडीत मूड सांभाळणारं सेरोटोनिनही हलतं. म्हणून त्रास त्या मधल्या काळात सुरू होतो आणि पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत ओसरतो. महिन्यात एक तरी आठवडा स्वच्छ जातो. तसा आठवडाच सापडत नसेल तर सगळं पीएमएसच्या नावावर खपवू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासा, डिप्रेशनचाही विचार करा.

त्रास कमी करायला काय कराल? रोज अर्धा तास चालणं. नांदेडकरांना गोदावरीचा घाट आहे, उन्हाळ्यात मात्र पहाटेच निघा. मीठ कमी, म्हणजे त्या आठवड्यात पापड, लोणचं, चिवडा जरा लांब. संध्याकाळचा चौथा चहा बंद. कॅल्शियमचं मात्र मनावर घ्या. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तीन महिन्यांत, खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त कमी झाला. भाकरीवर तिळाची चटणी आणि वाटीभर दही ही सुरुवात चांगली, गोळ्या डॉक्टरांना विचारून. बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने जास्त घेऊ नका, नसांना इजा होते.

आता आपल्या मराठवाड्याचं खास. महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या धडाधड खपतात. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. पोट फुगणं, छाती दुखणं, मूड जाणं हे त्याच गोळीने होऊ शकतं. म्हणजे सणासाठी पीएमएस विकत आणायचं! रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

याहून भयंकर सल्ला म्हणजे ‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.’ शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यांची गोष्ट मजुरीची, खाड्याच्या दंडाची. आपण एसी ऑफिसात असलो तरी सल्ला तोच मिळतो. पिशवी काढली तर रक्तस्राव थांबतो, पण हॉर्मोन्सचं चक्र चालतं बीजकोशांवर. ते जागेवर असतील तर त्या आठवड्याची चिडचिड, रडू जागेवरच राहू शकतं.

थोड्या बायकांना हे फारच तीव्र होतं. नाती तुटायला येतात, जगणं नको वाटतं. त्याला पीएमडीडी म्हणतात, अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजार मानलं. औषधं आहेत. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या काही गोळ्या फक्त त्या दोन आठवड्यांपुरत्याही देतात, काहींना विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या लागू पडतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आत्महत्येचे विचार येत असतील तर दोन महिन्यांच्या नोंदीची वाट बघू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टर कुठले? नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज आहे, लातूरलाही आहे. केसपेपर काढा, ‘मला कसंतरीच होतं’ म्हणण्याऐवजी कालनिर्णयची ती दोन पानं समोर ठेवा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, तेवढ्यात ती पानं वाचून होतात.