उत्तेजक द्रव्ये आणि मेंदूतील डीएनए

मेथाम्फेटामाईन, कोकेन, मेफेड्रोन या साऱ्या उत्तेजक द्रव्यांचा रोख मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाकडे असतो. मेफेड्रोन बाजारात ‘एमडी’ म्हणून विकले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत छापा घातला. या प्रकरणात पुणे, सांगली आणि दिल्लीसह मिळून १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त झाले. पुणे जिल्ह्यातल्याच मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारे असंख्य तरुण आहेत. जागरण सोपे करणारी पूड मेंदूतल्या पेशीचे काय करते, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक असायलाच हवे.

एरवी चेतापेशी डोपामिन लहान पिशव्यांत बंद ठेवते आणि लागेल तेवढेच बाहेर सोडते. मेथाम्फेटामाईन पेशीत शिरून या पिशव्या रिकाम्या करते. उघड्यावर पडलेले डोपामिन आपोआप ऑक्सिडाइझ होते. शिवाय मोनोअमाईन ऑक्सिडेज हे विकर त्याचे विघटन करताना हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होते. जवळपास लोह असले की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निर्माण होतो. हा अतिशय आक्रमक रेणू समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो आणि त्यात डीएनएही सापडतो. ग्वानिन या घटकाचे ८-ऑक्सोग्वानिन होते, कधी डीएनएचा धागाच तुटतो. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तर रॅडिकल जिथे तयार होतात तिथेच असल्याने अधिक उघडा पडतो.

अशी मोडतोड प्रत्येक पेशीत रोज होते आणि दुरुस्तही होते. ओजीजी१ हे विकर बिघडलेले ग्वानिन कापून काढते, इतर विकरे ती जागा भरतात. मात्र प्रौढ चेतापेशी विभागत नाही. त्वचेसारखी तिच्या जागी नवी पेशी येत नाही, म्हणून आयुष्यभर तिला याच दुरुस्तीवर निभवावे लागते. उंदरांवरील प्रयोगांत मेथाम्फेटामाईनने काही दुरुस्ती-जनुकांचे कामही मंदावलेले आढळले. म्हणजे घाव वाढतात आणि मलमपट्टी कमी पडते. टोरांटो विद्यापीठातील प्रयोगांत ओजीजी१ नसलेल्या उंदरांना गर्भावस्थेतच मेथाम्फेटामाईनचा संपर्क आला, तेव्हा गर्भाच्या मेंदूतील डीएनएची हानी वाढली आणि पुढे त्या पिल्लांच्या हालचालींतला समन्वयही बिघडला. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत ही बाब हलकी मानता येणार नाही.

हा पुरावा बहुतांशी प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या अभ्यासांतून आला आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतला डीएनए तपासायला काढता येत नाही. सर्व द्रव्ये सारखीही नाहीत. एकट्या मेफेड्रोनने उंदरांच्या डोपामिन-तंतूंची ठळक हानी झाली नाही, पण ते मेथाम्फेटामाईनबरोबर दिल्यावर मेथाम्फेटामाईनची विषारी क्रिया वाढली. रस्त्यावरच्या पुडीत नेमके काय मिसळले आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून हा निष्कर्ष प्रयोगशाळेबाहेर फार महत्त्वाचा ठरतो.

माणसांत परिणाम दिसतो तो लोकसंख्येच्या पाहणीत. अमेरिकेतील युटा राज्याच्या अभ्यासात मेथाम्फेटामाईन वा अॅम्फेटामाईनच्या व्यसनाची नोंद असलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट निघाले. या आजारात डोपामिन बनवणाऱ्याच पेशी मरतात. व्यसन सुटल्यावर काही भरपाई होते. २००१ मधील मेंदू-चित्रणात वर्षभराहून अधिक काळ मेथाम्फेटामाईनपासून दूर राहिलेल्या मोजक्या रुग्णांतील डोपामिन-वाहक प्रथिने पुन्हा वाढलेली दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांतली सुधारणा मात्र तेवढी नव्हती.