तास सक्तीचा, खेळ आवडीचा

इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत वर्गात बसायचं की नाही, हे मूल स्वतः ठरवतं. ए. एस. नील यांनी १९२१ साली सुरू केलेल्या या शाळेच्या सभेत विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला एकेकच मत असतं. शिकण्याची दिशा मुलांनी ठरवावी, या विचाराचं हे अगदी टोकाचं रूप. मग शारीरिक शिक्षणाची सक्ती त्यात कशी बसणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या आणि शाळेतून थेट क्लासला पळणाऱ्या मुलांना ती मिळणार कुठे? म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात हवाच, असं मला ठामपणे वाटतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेसाठी मैदानाची अट आहे. तरीही परीक्षा जवळ आली की अनेक ठिकाणी पी.टी.चा तास गणिताला दिला जातो. ऐच्छिक केला, तर तो उरणारच नाही.

पण सक्ती तासाची असावी, खेळाची नव्हे. कुणाला खो-खो आवडतो, कुणाला मल्लखांब, कुणाला नुसतं भरभर चालणं. सातवीतली मुलं पंधरवड्याचे खेळ स्वतः ठरवू शकतात, नियम बदलू शकतात, पंचाचं काम करू शकतात. संघ मात्र चिठ्ठ्या टाकून पाडावेत. कप्तान एकेक गडी निवडत गेले, की शेवटी कोण उरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि ते मूल पुढच्या वेळी पोटदुखीचं कारण सांगून वर्गातच बसतं.