दाढीचा साबण आणि कोरडी त्वचा : निवड कशी करावी?

दाढीचा साबण हा काय स्मरणिकेत लिहिण्याचा विषय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. शिक्षण, आरोग्य, समाजसंघटन असे मोठे विषय सोडून हे काय काढले, असेही कोणी म्हणेल. परंतु या लहानशा विषयात मी स्वतः चार वर्षे फसलो, पैसा घालविला आणि चेहराही बिघडवून घेतला. आपल्या विद्यार्थ्यांवर व नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांवर ती पाळी येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

माझे बाबा तरुणपणी गावी होते, तेव्हा गावचा न्हावी आपल्या वस्तीतल्या माणसांच्या दाढीला हात लावीत नसे. वस्तीतले पुरुष एकमेकांची हजामत करीत. बाबा हातात आरशाचा फुटका तुकडा धरून स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले. दाढीचा साबण कोठून येणार? कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाण्यात घासून तिचाच फेस ते गालाला लावीत. पुढे नागपूरला मिलमध्ये नोकरी लागली, पगार हाती येऊ लागला, तरी ती सवय गेली नाही. हिवाळ्यात त्यांच्या गालावर पांढरे पापुद्रे निघत, हनुवटीला चिरा पडत. "आपली कातडीच तशी आहे," असे ते म्हणत. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण दोष कातडीचा नव्हता, साबणाचा होता.

त्वचेची रचना

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर अतिशय पातळ असतो. त्याची तुलना विटांच्या भिंतीशी करतात. मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले स्निग्ध पदार्थ हा जणू गारा. ही भिंत शाबूत असेल तर शरीरातले पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरत नाहीत. गारा निघून गेला की पाणी उडते व त्वचा ताणल्यासारखी वाटते, खरखरीत होते. ही झाली कोरडी त्वचा. त्याच फटींतून सुगंधी द्रव्ये, अल्कोहोल वगैरे आत शिरून आग, खाज व लाली निर्माण करतात. ही झाली संवेदनशील त्वचा. दोन्ही दुखणी बहुधा जोडीने येतात, ती या कारणामुळे.

दाढी करताना पाते केवळ केस कापीत नाही, तर या भिंतीचा वरचा भागही थोडाफार खरवडून नेते. म्हणजे दाढी ही त्वचेला रोज होणारी बारीकशी इजाच होय. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा कोरडी असते आणि त्यात आमच्यासारख्यांना दिवसभर कार्यालयातील एसीत बसावे लागते. अशा वेळी ती इजा भरून निघायला वेळ मिळत नाही.

साबणाचे रसायन

शाळेत आपण आम्ल आणि अल्कली शिकलो. सात हा आकडा मध्यम, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक यांच्या संयोगाने तयार झालेला खरा साबण मात्र नऊ ते दहाच्या घरात असतो. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर त्वचेचा समतोल काही काळ बिघडतो. निकोप त्वचा काही तासांत पूर्ववत होते. कोरड्या त्वचेला अधिक वेळ लागतो. कपड्यांच्या साबणात तर मळ काढण्यासाठी सोड्यासारखे क्षारही घातलेले असतात. बाबांच्या गालावर चिरा का पडत, याचे उत्तर येथे आहे.

अंघोळीचा साबण घेताना वेष्टनावर टीएफएम हा आकडा पाहावा. साबणात एकूण स्निग्धाम्ले किती आहेत, हे तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे 'टॉयलेट सोप'च्या पहिल्या श्रेणीत टीएफएम किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० टक्के व तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के लागतो. 'बेदिंग बार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीत तो ४० टक्के असला तरी चालतो. वेष्टनावरील नटीचे छायाचित्र पाहण्यापेक्षा हा बारीक अक्षरातला आकडा पाहणे केव्हाही हिताचे. मात्र उच्च श्रेणीचा साबणसुद्धा अल्कधर्मीच असतो, हे विसरू नये. ज्यांची त्वचा फारच कोरडी आहे, त्यांनी चेहऱ्यासाठी 'सिंडेट' प्रकारची, म्हणजे खरा साबण नसलेली सौम्य वडी वापरावी.

दाढीचा साबण निवडताना

दाढीच्या साबणाचे काम अंघोळीच्या साबणाहून वेगळे आहे. त्याने मळ काढायचा नसून तीन गोष्टी करायच्या असतात. केसात पाणी मुरू द्यायचे, फेस दाट ठेवून ते पाणी टिकवायचे आणि पात्याला घसरण द्यायची. यासाठी त्यात स्टिअरिक आम्ल अधिक असते. त्याचा फेस सायीसारखा दाट होतो व लवकर विरत नाही. खोबरेल तेलापासून झालेला साबण भराभर फेसाळतो, पण त्याचे प्रमाण जास्त झाले तर त्वचा कोरडी पडते. पोटॅशच्या कॉस्टिकने साबण मऊ व लवकर विरघळणारा होतो, सोड्याच्या कॉस्टिकने कडक होतो. दाढीच्या साबणात बहुधा दोन्हींचा मेळ असतो. घटकांच्या यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड वाचून घाबरू नये. साबण तयार होताना ते चरबीशी संयोग पावून संपलेले असते.

कोरड्या त्वचेच्या माणसाने यादीत पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) ग्लिसरीन यादीत वरच्या बाजूला असावे. यादीत घटक सामान्यतः जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात.

२) परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द नसलेला साबण मिळाल्यास उत्तम. 'अनसेंटेड' म्हणजे सुगंधरहित असेलच असे नाही. मूळ वास झाकण्यासाठीही सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. 'फ्रॅग्रन्स फ्री' हे शब्द शोधावेत.

३) मेंथॉल टाळावे. गार वाटणे म्हणजे त्वचेची निगा राखली जाणे नव्हे.

४) अल्कोहोल हा शब्द नीट वाचावा. डिनेचर्ड अल्कोहोल त्वचा सुकविते. सीटिल व स्टिअरिल अल्कोहोल मात्र मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत. ते त्वचेला मऊपणा देतात.

५) 'नैसर्गिक' या शब्दावर भाळू नये. लिंबू नैसर्गिकच आहे, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

डबीतला साबण बरा की नळीतले क्रीम, हा वाद व्यर्थ आहे. घटक चांगले असतील तर दोन्ही सारखेच चालतात. डबीतला साबण पुष्कळ दिवस पुरतो व ब्रशने त्याचा फेस दाट होतो. ज्यांना साबणच सोसत नाही, त्यांनी फेस न होणारे, ब्रशशिवाय लावायचे क्रीम वापरून पाहावे. कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर रोज दोनदा थोडी लावून पाहावी. दाढीचा साबण मात्र लावल्यावर थोड्या वेळाने धुऊन टाकावा. लाली वा खाज आली नाही, तरच ती वस्तू चेहऱ्याला लावावी.

दाढी करण्याची रीत

साबण कितीही चांगला असला तरी घाई केल्यास व्यर्थ. दाढी शक्यतो अंघोळीनंतर करावी किंवा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने चेहरा भिजवावा. भिजलेला केस मऊ होतो व कमी जोरात कापला जातो. कढत पाणी नको, ते त्वचेतील स्निग्धता काढून नेते. ब्रश गालावर जोराने घासू नये. केस कोणत्या दिशेने वाढतात हे बोटांनी चाचपून त्याच दिशेने हलक्या हाताने पाते फिरवावे. उलट्या दिशेने किंवा त्वचा ताणून अगदी गुळगुळीत दाढी केल्यास केसाचे टोक त्वचेच्या आत राहते व वाढताना आतच रुतून फोड येतात. एकाहून अधिक पात्यांच्या रेझरने हा त्रास काहींना जास्त होतो, विशेषतः ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना. पाते पाच ते सात दाढ्यांनंतर बदलावे. बोथट पात्यावर वाचविलेले दोन रुपये मलमावर जातात.

सलूनमध्ये गेल्यास आपल्यासमोर नवे पाते लावायला सांगावे. यात संकोच करू नये. पात्यावरील रक्ताच्या अंशातून कावीळ ब व क या रोगांचा प्रसार होऊ शकतो. आपले रेझर घरातही कोणाला देऊ नये.

दाढीनंतर

आमच्याकडे दाढीनंतर तुरटी फिरविण्याची जुनी रीत आहे. तुरटीने बारीक जखमेचे रक्त थांबते हे खरे, परंतु ती त्वचा आवळते व सुकविते. कापले असेल तेथेच ती टेकवावी, गालभर फिरवू नये. अल्कोहोलयुक्त आफ्टर शेव्ह तर कोरड्या त्वचेने वर्ज्यच समजावे. चुरचुरणे म्हणजे औषध लागू पडणे, ही समजूत चुकीची आहे.

थंड पाण्याने चेहरा धुऊन तो टॉवेलने टिपावा, पुसू नये. त्वचा किंचित ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधे मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. म्हणून दोन्ही असलेले साधे क्रीम उत्तम. निव्वळ ग्लिसरीन न लावता त्यात पाणी मिसळावे. खोबरेल तेलाचा पातळ हात पुष्कळांना मानवतो, मात्र ज्यांना मुरुमे येतात त्यांनी ते टाळावे. भांडी-धुणी करून ज्यांच्या हातांना भेगा पडतात, त्या आमच्या माता-भगिनींनाही हाच नियम लागू आहे.

मलमापासून सावध!

आता माझी चूक सांगतो. बँकेत लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. काउंटरवर बसायचे म्हणून रोज गुळगुळीत दाढी, सुवासिक फोम, वर आफ्टर शेव्ह. दोन महिन्यांत गाल लाल झाले, पापुद्रे निघू लागले. औषधांच्या दुकानदाराला विचारले. त्याने एक लहानशी ट्यूब दिली. तीन दिवसांत चेहरा स्वच्छ! रंगही उजळला, असे लोक म्हणू लागले आणि मलाही ते गोड वाटले. लावणे बंद केले की आग परत येई, म्हणून पुन्हा ट्यूब. असे चार वर्षे चालले. शेवटी त्वचा इतकी पातळ झाली की बारीक लाल शिरा दिसू लागल्या, उन्हात गेले की चेहरा भाजे. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहताच विचारले, "हे कोणी दिले?" त्यात तीव्र स्टिरॉइड होते. त्यांच्या देखरेखीखाली ते सुटायला अनेक महिने लागले. त्या काळात चेहरा इतका सुजे की मी लोकांसमोर मान वर करीत नसे. काही शिरा अजूनही आहेत.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरांनी ठरविलेल्या रोगावर, ठरविलेल्या दिवसांपुरते ते उपयोगी आहे. पण चेहऱ्यावर मनाने लावणे घातक. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. तरीही नायट्याचे मलम, गोरे होण्याचे मलम म्हणून त्यांचा वापर होतच असतो. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आणि जे आधीच लावीत असतील त्यांनी ते एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तेथे दाखविण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मुलांना सावळ्या रंगाची लाज वाटावी, अशी तजवीज जाहिराती करीत असतात. त्या लाजेपोटीच ही ट्यूब घराघरात शिरते. मुलाखतीत गोरा चेहरा नव्हे, तर स्वच्छ चेहरा आणि विषयाची तयारी उपयोगी पडते.

समारोप

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवर, भिक्षापात्र, सुई यांच्याबरोबर वस्तराही आहे. गरजेपुरत्या आठ वस्तू, अधिक नाही. आपणही चेहऱ्यासाठी मोजकेच ठेवावे. एक सौम्य साबण, एक चांगले पाते आणि एक साधे मॉइश्चरायझर. बाकी सर्व जाहिरातदारांची गरज आहे, आपली नाही.

बाबांना मी गेल्या हिवाळ्यात ग्लिसरीनयुक्त, बिनवासाचा दाढीचा साबण आणून दिला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो आठवडाभर वापरला आणि गालावरून हात फिरवीत म्हणाले, "म्हणजे कातडी तशी नव्हतीच म्हणायची." एवढे त्यांना कळायला पन्नास वर्षे लागली. आपल्या मुलांना हे दाढी-मिशा फुटतानाच कळावे, हीच अपेक्षा.