खंडोबाच्या अश्वारूढ चित्रांतील लगाम

नांदेडहून लातुरास जाणाऱ्या वाटेवर माळेगांव हें खंडोबाचें क्षेत्र आहे. मार्गशीर्षांत तेथें भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध आहे. त्या बाजाराचें व देवाच्या वाहनाचें नातें भाविकांस सांगावें लागत नाहीं. खंडोबाच्या छापील चित्रांतील घोडा मात्र संग्राहकांकडून नीट वाचला जात नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रसृत झालेलें एक रंगीत शिळाछापी चित्र बहुतेकांस परिचित असेल. शुभ्र घोड्यावर देव, त्याच्या पुढें म्हाळसा. म्हाळसेनें एका दैत्याच्या छातींत भाला घातला आहे, कुत्र्यानें त्याची मांडी धरली आहे आणि घोडा त्याच्या मस्तकावर टाप मारीत आहे. दुसऱ्या दैत्यानें घोड्याचा लगाम पकडून गदा उगारली आहे. त्याजवर खड्ग चालविण्यासाठीं देव घोड्यावरून उतरत आहे.

यांतील मणि कोणता व मल्ल कोणता? मल्लारिमाहात्म्य हें ब्रह्माण्डपुराणांतील म्हणवितें, जरी त्या पुराणाच्या प्रचलित प्रतींत तें सांपडत नाहीं. कथा अशी कीं, मणीनें पश्चात्ताप पावून मरतेसमयीं आपला पांढरा घोडा देवास अर्पिला व प्रत्येक देवस्थानीं आपणांस स्थान मागितलें. मल्ल नमला नाहीं. त्याचें मस्तक पायरीशीं ठेवून भक्तांच्या पायांखालीं तुडविलें जावें असें ठरलें. यावरून टापेखालचा तो मल्ल व लगाम धरणारा तो मणि, असें माझें मत आहे.

यावर आक्षेप असा कीं, मणि जिवंत असतां त्याचा घोडा देवाखालीं कसा? ही चित्रकाराची चूक नव्हे. चित्रांत एक क्षण नसून सबंध कथा एकत्र आणली आहे. लगामावरील हात विरोधाचा आहे, तसाच दानाचाहि. घोडा हा नंदीचें रूप होय अशीहि समजूत आहे. ती मान्य केल्यास हा तर्क दुबळा होतो, परंतु मल्लाच्या मस्तकाचा पुरावा उरतोच.

पागोटें व पेहराव पाहून अशा चित्रावर ‘मराठा सरदार व त्याची स्त्री’ अशी नोंद करणें अगदीं सोपें आहे. चौकटींत बसविण्यासाठीं खालची कड कापलेली असल्यास कुत्रा व दैत्य दोन्ही नाहींसे होतात, आणि मग फसगत ठरलेलीच. अशा वेळीं देवघरांतील टाक शेजारीं ठेवून पाहावा. एकाच घोड्यावरील स्त्रीपुरुषांची ती बैठक छापखान्यांच्या पूर्वींची आहे.